गळा, पोट आणि पाय

३ जून २००३, मंगळवार. पॅरिसमध्ये फ्रेंच संसदेच्या खालच्या सभागृहात सरकारला प्रश्न विचारण्याचा तास चालू होता. गृहमंत्री निकोला सार्कोझी कुणा दुसऱ्याच खासदाराला उत्तर देत होते. तेवढ्यात एक उंच, हाडापेराने मोठा माणूस आपल्या बाकावरून उठला आणि गाऊ लागला. फ्रेंचमध्ये नाही, तर पिरेनीज पर्वताच्या उत्तर उतारावर बोलल्या जाणाऱ्या बेआर्नी बोलीत. गाणं जुनं, 'से कान्ता' नावाचं, दक्षिण फ्रान्समध्ये लग्नात, रग्बीच्या मैदानात, कुठेही ऐकू येणारं. समोरचे डोंगर इतके उंच आहेत की माझं माणूस मला दिसत नाही, अशा अर्थाचं. सार्कोझी थांबले. अध्यक्ष झाँ-लुई दब्रे यांना काय करावं कळेना. सभागृहात आधी कुजबूज झाली, मग हसू. गाणाऱ्या खासदाराचं नाव झाँ लासाल.

या प्रसंगाची चित्रफीत आजही फिरते आणि आजही लोक ती हसण्यासाठीच बघतात. मला टोचत राहतं ते वेगळंच. त्या गाण्यामागे एक साधी प्रशासकीय मागणी होती आणि ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. त्याच वर्षी जानेवारीत सोंपोरचा बोगदा सुरू झाला होता. फ्रान्स आणि स्पेन यांना जोडणारा, ८.६ किलोमीटर लांबीचा. बोगदा झाला म्हणजे लासाल यांच्या मतदारसंघातल्या आस्प खोऱ्याच्या अरुंद रस्त्यावरून अवजड ट्रक जाणार. अशा वेळी बोगद्याच्या अलीकडच्या उर्दोस गावातले जांदार्म, म्हणजे ग्रामीण पोलीस, हलवायचं सरकारने ठरवलं. रहदारी वाढणार आणि पोलीस जाणार. लासाल यांचं म्हणणं एवढंच होतं. पत्रं लिहून झाली होती. सभागृहात बोलायला पाळी लागते, पाळी पक्ष ठरवतो आणि पक्षाला उर्दोसशी काय घेणंदेणं? उरला गळा.

आस्प खोऱ्याला वस्तू हातातून जाण्याची सवय आहे. पो शहराहून निघून डोंगराखालून स्पेनमधल्या कान्फ्रांकला जाणारी रेल्वे इथूनच जायची. २७ मार्च १९७० रोजी मका भरलेली एक मालगाडी चढावर थांबली, ब्रेक धरेनात म्हणून उलटी घरंगळत सुटली आणि लेस्तांगे इथला पूल घेऊनच नदीत कोसळली. पूल पुन्हा बांधला गेला नाही. गाडी बंद. ओलोरोंपासून बेदूसपर्यंतचा तुकडा पुन्हा चालू व्हायला २०१६ उजाडलं, आणि बेदूसच्या पुढे रूळ आजही गवतातच आहेत. रेल्वे गेली, मग टपाल कचेऱ्यांचे तास कमी झाले, मग शाळांचे वर्ग. यात दुष्टपणा कुणाचाच नसतो. प्रत्येक खात्याच्या कोष्टकात माणशी खर्च नावाचा एक रकाना असतो, आणि डोंगरातल्या दीडशे वस्तीच्या गावात तो रकाना नेहमी लाल दिसतो.

लासाल यांचं गाव लुर्दियोस-इशेर असंच, दीडशेच्या आसपास वस्तीचं. जन्म ३ मे १९५५, घर मेंढपाळाचं, घरातली बोली बेआर्नी. धाकट्या भावाने मेंढ्या सांभाळल्या, थोरल्याने शेतीतलं तांत्रिक शिक्षण घेतलं आणि १९७७ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षात, गावाचा महापौर झाला. 'महापौर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर महानगरपालिका येते. फ्रान्समध्ये दीडशे माणसांच्या गावालाही तोच हुद्दा, तेच अधिकार आणि तोच निळा-पांढरा-लाल पट्टा. हा महापौर लग्नं लावतो, जन्ममृत्यूच्या नोंदी करतो, बर्फ पडला की रस्ता मोकळा करायला कोण ट्रॅक्टर आणणार ते ठरवतो. या भागात त्याच्याकडे आणखी एक नाजूक काम असतं. उंचावरची कुरणं बहुतेक गावांच्या सामायिक मालकीची. कुठल्या कळपाने कुठल्या दिवशी वर चढायचं, जनावरामागे चराईचा आकार किती, पाणी कुठल्या झऱ्याचं, हे सगळं ठरवावं लागतं आणि त्यावरून होणारी भांडणं मिटवावी लागतात. लासाल यांनी हे काम ४० वर्षं केलं, २०१७ पर्यंत. खासदारकी आणि महापौरपद एकत्र ठेवायला कायद्याने बंदी आली तेव्हाच सोडलं.

वर चढणं म्हणजे काय, हे कळल्याशिवाय हा माणूस कळत नाही. जूनमध्ये मेंढ्या कुरणावर जातात, सप्टेंबरअखेर उतरतात. सुरुवातीचे आठवडे त्या दुभत्या असतात. मेंढपाळ एका दगडी खोपटात राहतो, सकाळ-संध्याकाळ हाताने धार काढतो आणि मधल्या वेळात चीज करतो. तीस अंशांच्या थोडं वर तापवलेल्या दुधात रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं विकर, घालायचं, दही घट्ट झालं की मक्याच्या दाण्याएवढे तुकडे करायचे, मग हळूहळू चाळीस अंशांच्या जवळ नेत ढवळायचं, साच्यात दाबून पाणी वेगळं करायचं, मीठ चोळायचं. एक किलो चीजला मेंढीचं पाच-सहा लिटर दूध लागतं. ओसो-इराती नावाने ते विकायचं तर लहान चाकी, म्हणजे चीजची गोल वडी, किमान ८० दिवस मुरवावी लागते आणि मोठी १२०. उष्णता घाईने वाढवली की बाहेरचा थर आवळतो, आतलं पाणी अडकतं, आणि महिन्याभराने चाकी फुगते किंवा तडकते. पहाटेपासून रात्रीपर्यंत माणूस एकटा, धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही, आणि कळप कुठल्या घळीत आहे ते घंटांच्या आवाजावरून ओळखायचं.

याच कुरणांत अस्वलं. पिरेनीजमधली मूळची तपकिरी अस्वलं विसाव्या शतकाच्या शेवटी बोटांवर मोजण्याइतकी उरली आणि जी उरली ती नेमकी याच भागात. पॅरिसमधून अभयारण्याचे नकाशे येऊ लागले, तेव्हा लासाल यांनी १९९४ मध्ये मेंढपाळ, शिकारी, ग्रामपंचायती आणि सरकार यांना एका टेबलाशी बसवणारी एक संस्था उभी केली. अस्वलाचं काय करायचं ते खोरंच ठरवेल, हा तिचा पाया. ऐकायला उत्तम वाटतं. प्रत्यक्षात खोपटांना रस्ते झाले, वर सामान नेण्याची सोय झाली, मेंढपाळांचं जगणं थोडं सोपं झालं, आणि अस्वलं मात्र कमीच होत गेली. १ नोव्हेंबर २००४ रोजी कनेल ही मूळ वंशाची शेवटची मादी एका शिकाऱ्याच्या गोळीने मेली. २०१८ च्या शरदात सरकारने स्लोव्हेनियाहून आणलेल्या क्लावेरिना आणि सोरिता या दोन माद्या हेलिकॉप्टरने बेआर्नमध्ये, म्हणजे आस्प खोरं ज्यात येतं त्या प्रदेशात, सोडल्या. लासाल विरोधात होते. अस्वलप्रेमी सांगतात तो उपाय तसा चुकीचा नाही: रात्री कळप विजेच्या कुंपणात घ्या, पातू जातीचे मोठे पांढरे कुत्रे ठेवा. बेआर्नमध्ये दुभत्या मेंढ्या धारेसाठी दोनदा गोळा होतातच, त्यामुळे कुंपणात घेणं इथे इतर खोऱ्यांपेक्षा सोपं. पण ऑगस्टमध्ये धार आटली की मेंढ्या रात्री उतारभर पांगतात, कुत्रे वाटसरूंवर धावतात, आणि दिवसभर चीज करून थकलेला एकटा माणूस अंधारात कुंपण बदलायला जात नाही. दोन्ही बाजूंचं खरं आहे, आणि लासाल यांनी एकीचंच खरं मानलं, असं मला वाटतं.

मग आलं २००६ सालचं पोट.

खोऱ्यातल्या आकूस गावात तोयाल नावाचा कारखाना आहे, मालक जपानी. ॲल्युमिनियमची बारीक पूड आणि तिचा लगदा इथे तयार होतो. मोटारींच्या रंगात जी धातूची चमक दिसते, ती त्या लगद्याची. ॲल्युमिनियमचा तुकडा निरुपद्रवी असतो, पण त्याची पिठासारखी पूड हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली की स्फोट. त्यामुळे अशा कारखान्याभोवती मोकळी जागा राखावी लागते आणि अरुंद खोऱ्यात वाढायला जागा नसते. कंपनीने नवा विभाग ६५ किलोमीटरवर लाक इथे उभारायचं ठरवलं. लाक म्हणजे १९५१ मध्ये नैसर्गिक वायू सापडला ती जागा. नळ, रस्ते, सुरक्षेची यंत्रणा तिथे तयार होती, आणि वायू संपत आल्यामुळे नव्या उद्योगांसाठी पायघड्या घातलेल्या होत्या. कंपनीचं म्हणणं, आकूस बंद होणार नाही. लासाल यांचं म्हणणं, आधी नवा विभाग जातो, मग नवी गुंतवणूक जाते, मग जुनी यंत्रं झिजतात, आणि दहा वर्षांनी 'नाइलाजाने' असं पत्र येतं. दीडशेच्या आसपास नोकऱ्या होत्या. आकूससारख्या गावात एवढ्या नोकऱ्या म्हणजे शाळा, दवाखाना, पाववाला, सगळंच.

७ मार्चला त्यांनी संसदेच्या इमारतीतच, खासदार आणि पत्रकार जिथे एकमेकांना गाठतात त्या चार खांबांच्या दालनात बसकण मारली आणि खाणं थांबवलं. आपल्याकडे उपोषणाला मांडव, गादी, फलक आणि शेवटी मोसंबीचा रस घेऊन येणारा मंत्री असा सगळा सरंजाम ठरलेला आहे, लोकांना त्याची भाषा कळते. फ्रान्समध्ये कैदी आणि निर्वासित उपोषण करतात, खासदार नाही. शिवाय वेळही वाईट होती. तरुणांना नोकरीवरून सहज काढता येईल अशा कंत्राटाच्या कायद्याविरुद्ध त्याच आठवड्यांत लाखो विद्यार्थी रस्त्यावर होते. कॅमेरे तिकडे. पहिले दोन आठवडे हा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या दृष्टीने दालनातल्या फर्निचरचाच एक भाग होता.

उपाशी शरीराचं वेळापत्रक ठरलेलं असतं. यकृतात साठलेली साखर पहिल्या एक-दोन दिवसांत संपते. मग चरबी जळू लागते, तोंडाला सडक्या सफरचंदासारखा वास येतो आणि भूक, आश्चर्य म्हणजे, तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर कमी होते. बाहेरून हाच सोपा काळ दिसतो आणि इथेच बघणारे फसतात. शरीर स्नायूही खात असतं, आणि हृदय हा स्नायूच आहे. पाणी आणि मीठ चालू ठेवलं तरी ब-१ जीवनसत्त्वाचा साठा काही आठवड्यांत संपतो. तो बाहेरून दिला नाही तर महिन्यानंतर डोळे नीट फिरत नाहीत, चक्कर येते, ओकाऱ्या होतात आणि मेंदूला होणारी इजा कायमची ठरू शकते. म्हणून चाळिसाव्या दिवसाच्या आसपास डॉक्टर हातघाईवर येतात. आणि सगळ्यात मोठा धोका तर उपोषण सुटल्यावर. एकदम पोटभर जेवलं की पेशी रक्तातलं फॉस्फेट ओढून घेतात आणि हृदयाचा ठेका चुकतो. अगदी थोड्या उष्मांकापासून, वजनाच्या दर किलोमागे दिवसाला दहाच्या हिशेबाने, हळूहळू चढत जावं लागतं. रस पाजणाऱ्या मंत्र्यांना हे कुणी सांगत नाही.

३९ दिवस. वजन २१ किलोने उतरलं. १० एप्रिलला सरकारने तो कंत्राटाचा कायदा मागे घेतला, रस्ते रिकामे झाले आणि कॅमेऱ्यांना एकाएकी चार खांबांच्या दालनातला माणूस दिसला. १४ एप्रिलला त्यांना रुग्णालयात हलवावं लागलं. त्याच दिवशी पंतप्रधान दोमिनिक द विल्पँ आणि गृहमंत्री सार्कोझी यांच्या मध्यस्थीने कंपनीने लेखी दिलं की लाकचा बेत सोडला, वाढ आकूसलाच होईल. गृहमंत्री तेच, ज्यांच्या बोलण्यात तीन वर्षांपूर्वी गाणं घुसलं होतं.

उद्योगजगताने नाकं मुरडली. एका खासदाराच्या पोटावरून कारखान्याची जागा ठरू लागली तर परदेशी कंपन्या कशाला येतील? प्रश्न रास्त आहे. लाकच्या बेकारांनाही कुणी विचारलं नाही. तरीही मी ज्या गोष्टीपाशी पुन्हा पुन्हा येते ती अशी, की लासाल यांच्या सगळ्या कारकिर्दीत पूर्ण जिंकलेली लढाई हीच. मागणी एक. ती पूर्ण करू शकणारा माणूस एक, आणि तो कोण हे माहीत. कागदावर काय लिहून हवंय ते माहीत. शरीर पणाला लावायचं तर ते असल्याच मागणीसाठी लावता येतं.

यानंतरचे पाय मला म्हणून थोडे कोड्यात टाकतात. १० एप्रिल २०१३ रोजी ते पॅरिसहून फ्रान्सभर पायी फिरायला निघाले आणि ११ डिसेंबरला परतले. आठ महिने, साधारण ५,००० किलोमीटर, म्हणजे रोजचे सरासरी वीस. वीस किलोमीटर फार नाहीत, चार-पाच तासांचे. उरलेला दिवस ऐकण्यासाठी. गावातल्या कॅफेत, कारखान्याच्या फाटकाशी, उपनगरांतल्या उंच इमारतींच्या तळाशी. खासदाराचं मानधन घेऊन माणूस रस्त्याने फिरतोय, अशी टीका झाली आणि ती खोटी नव्हती. त्यांनी परत येऊन जे सांगितलं ते असं: लोक चिडलेले आहेत, आपलं कुणी ऐकत नाही असं त्यांना वाटतं, आणि हे फुटणार आहे. कुणी मनावर घेतलं नाही, कारण त्यात मागणी नव्हती. पाच वर्षांनी, १७ नोव्हेंबर २०१८ ला, इंधनावरच्या करावरून पिवळी जॅकेटं रस्त्यावर आली. फ्रान्समध्ये प्रत्येक मोटारीत असं चमकतं जॅकेट ठेवणं २००८ पासून सक्तीचं आहे, त्यामुळे आंदोलनाचा गणवेश प्रत्येकाकडे आधीच होता. चार दिवसांनी लासाल ते घालून सभागृहात बसले. कामकाज थांबवावं लागलं आणि त्यांच्या महिन्याच्या मानधनातला चौथा हिस्सा कापला गेला.

मधल्या काळात ते राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले होते. अनेक वर्षं ते त्याच बेआर्नच्या मध्यममार्गी नेत्याच्या, फ्राँस्वा बायरू यांच्या, मागे उभे होते. २००७ मध्ये बायरूंचे बहुतेक खासदार सत्तेच्या दिशेने निघून गेले तेव्हा राहिलेल्या दोन-चारांत लासाल होते, २०१२ मध्ये खुद्द बायरू हरले आणि हे निवडून आले. २०१६ मध्ये त्यांनी तो पक्ष सोडला आणि 'रेझिस्तों', म्हणजे 'टिकून राहू या', असं नाव घेऊन निघाले.

फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं राहायला ५०० निवडून आलेल्या लोकांच्या सह्या लागतात. १९७४ पर्यंत शंभर पुरायच्या, तेव्हा बारा उमेदवार झाले म्हणून १९७६ मध्ये आकडा वाढवला. सह्या किमान ३० जिल्ह्यांतून हव्यात आणि एका जिल्ह्यातून ५० पेक्षा जास्त धरत नाहीत. देशात पस्तीस हजारांच्या आसपास गावं-शहरं आहेत आणि त्यांतली निम्म्याहून जास्त पाचशेच्या आतली, म्हणून छोट्या उमेदवाराची सगळी मोहीम खरं तर खेड्यांतल्या महापौरांच्या स्वयंपाकघरात चालते. आदल्या शरदापासून फोन, मग भेट, मग 'बघू', मग पुन्हा भेट. तोंडी होकार दहा मिळाले तर कागद त्याहून पुष्कळ कमी येतात. पूर्वी सही घेणारा कार्यकर्ता कागद खिशात घालून नेऊ शकत असे. २०१६ च्या कायद्याने ते बंद केलं. आता महापौराने स्वतः कागद घटनात्मक परिषदेला, म्हणजे या निवडणुकीवर देखरेख करणाऱ्या संस्थेला, धाडायचा, एकदा धाडला की मागे घेता येत नाही, आणि आठवड्यातून दोनदा सगळी नावं जाहीर होतात. याचा परिणाम लगेच दिसतो. गावात चर्चा होते, तालुक्याच्या संघातला मोठा शेजारी भुवया उंचावतो, पुढच्या वर्षी पाण्याच्या टाकीचं अनुदान त्याच्याच हातून येणार असतं. बहुतेक महापौर म्हणूनच सहीच करत नाहीत. २०२२ मध्ये शेवटची मुदत ४ मार्च, संध्याकाळी सहा. आदल्या आठवड्यात मोठमोठ्या नावांचेही चेहरे पांढरे पडले होते. लासाल यांना २०१७ मध्ये सातशेच्या वर सह्या मिळाल्या आणि २०२२ मध्ये सहाशेच्या वर. त्यांच्यासाठी हा टप्पा इतरांपेक्षा सोपा गेला, कारण ज्यांच्या स्वयंपाकघरात बसायचं होतं ते त्यांच्याच जातकुळीचे होते. चराई, बर्फ, शाळेचा वर्ग, तेच विषय.

सह्या झाल्या की दुसरा डोंगर, वेळेचा. मतदानाआधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत दूरदर्शन आणि आकाशवाणीने सगळ्यांना सारखा वेळ द्यायचा. २०२२ मध्ये तो काळ २८ मार्चला सुरू झाला. त्याआधी नियम 'न्याय्य' वाटपाचा, म्हणजे जनमत चाचणीत जितके टक्के आणि मोहिमेत जितकी धावपळ, तितका वेळ. ज्याला वेळ मिळत नाही त्याचे टक्के वाढत नाहीत, ज्याचे टक्के वाढत नाहीत त्याला वेळ मिळत नाही. २०१७ मध्ये २० मार्चच्या पहिल्या वादसभेला पाचच जण बोलावले होते. ४ एप्रिलला अकराही उभे राहिले, वाट्याला सतराएक मिनिटं. लासाल यांचं वाक्य सुरू होतं एका गावात आणि संपतं दुसऱ्याच खोऱ्यात, त्यामुळे सतरा मिनिटांत त्यांची तीन-चारच वाक्यं झाली असतील. उच्चार इतका डोंगरी, की पॅरिसच्या विनोदी कार्यक्रमांना आठवडाभराचं खाद्य मिळालं.

पैशाचं गणित छोट्या उमेदवाराला पाठ असावं लागतं. पहिल्या फेरीत खर्चाची मर्यादा १ कोटी ६८ लाख युरोच्या थोडी वर. पाच टक्के मतं ओलांडली तर सरकार त्यातले ४७.५ टक्के, म्हणजे ८० लाखांपर्यंत परत करतं. पाचच्या खाली राहिलात तर ४.७५ टक्के, म्हणजे ८ लाखांपर्यंत, आणि तेही खरोखर खर्च झालेले. पोस्टरं आणि घरोघरी जाणारं पत्रक यांचा खर्च सरकारचा. तेव्हा शहाण्याने आठ लाखांची रेघ ओढायची आणि तिच्या आत राहायचं. मोठे पक्ष ही रेघ ओढत नाहीत. २०२२ मध्ये उजव्या पक्षाच्या वालेरी पेक्रेस ४.७८ टक्क्यांवर अडकल्या आणि स्वतःच्या नावावरच्या ५० लाखांच्या कर्जासाठी त्यांना लोकांपुढे हात पसरावे लागले. लासाल यांच्यावर अशी वेळ आली नाही. ढगांत बोलणारा माणूस, पण हिशेब मेंढपाळाचा.

मतं? २०१७ मध्ये ४,३५,३०१, म्हणजे १.२१ टक्के, सातवा क्रमांक. २०२२ मध्ये ११,०१,३८७, म्हणजे ३.१३ टक्के, आणि पुन्हा सातवाच क्रमांक. पॅरिसच्या महापौर आन इदाल्गो, समाजवादी पक्षाच्या अधिकृत उमेदवार, १.७५ टक्क्यांवर थांबल्या. दीडशे वस्तीच्या गावाच्या माजी महापौराने राजधानीच्या महापौरांना मागे टाकलं, ही गोष्ट नैऋत्येतल्या खेड्यांत बराच काळ चवीने सांगितली गेली असणार. त्या वर्षी मतदान केंद्रांबाहेरच्या फलकांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला. तिसऱ्या फलकावर माक्रों, पाचव्यावर मारीन ल पेन, आणि मधल्या चौथ्यावर लासाल. देशभरातल्या केंद्रांवर दोन आठवडे हा माणूस त्या दोघांच्या मधे उभा होता.

पण हे अकरा लाख लोक त्यांच्याकडे काय मागत होते? जाहीरनाम्यात खेड्यांतल्या सेवा होत्या, नागरिकांनी मागितलेलं सार्वमत होतं, कोऱ्या मतांना मान्यता होती. बाकी बरंच धुकं. परराष्ट्रधोरण तर विचारूच नये. जानेवारी २०१७ मध्ये ते दोन सहकाऱ्यांबरोबर दमास्कसला जाऊन बशर अल-असद यांना भेटून आले. समोरच्याचं ऐकून घ्यायचं, ही खोऱ्यातली सवय त्यांनी नको तिथे वापरली, असं माझं मत. मेंढपाळांच्या भांडणात दोघांचंही ऐकावं लागतं. आपल्याच शहरांवर बॉम्ब टाकणाऱ्याच्या दिवाणखान्यात तो नियम लागू होत नाही. जून २०२२ च्या संसदीय निवडणुकीला ते उभेच राहिले नाहीत आणि वीस वर्षांची त्यांची जागा समाजवाद्यांकडे गेली. २०२४ मध्ये शिकाऱ्यांच्या संघटनेच्या साथीने युरोपीय संसदेसाठी यादी केली, २.३५ टक्के मिळाले. पाच टक्क्यांखाली तिथे एकही जागा मिळत नाही.

कोऱ्या मतांचा मुद्दा मात्र साधा नाही. फ्रान्समध्ये मत द्यायची रीत अशी: ओळखपत्र दाखवायचं, निळं पाकीट घ्यायचं, टेबलावरून किमान दोन उमेदवारांच्या चिठ्ठ्या उचलायच्या म्हणजे कुणाची घेतली ते कळू नये, पडद्याआड जाऊन एक पाकिटात घालायची, पारदर्शक पेटीत टाकायची, यादीत सही करायची. पाकीट रिकामं ठेवलं किंवा कोरा कागद घातला तर २०१४ पासून ते बाद मतांपासून वेगळं मोजतात, पण टक्केवारीत धरत नाहीत. ते धरावं, हे लासाल यांचं जुनं मागणं. मग २४ एप्रिल २०२२ रोजी, माक्रों आणि ल पेन यांच्यातल्या दुसऱ्या फेरीच्या दिवशी, त्यांनी लुर्दियोस-इशेरच्या केंद्रात जाऊन कोरं पाकीट टाकलं असतं तरी अर्थ लागला असता. त्यांनी केलं ते वेगळंच. कॅमेरा घेऊन आत गेले, पेटीजवळ उभे राहून आपण मत देणार नाही असं जाहीर केलं आणि ते चित्रण लोकांपुढे ठेवलं.

मतदान केंद्रात मतदारांनी कसलीही चर्चा करायची नाही, असं फ्रेंच निवडणूक नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. ४० वर्षं त्याच गावात मतदान पार पाडलेल्या माणसाला ते माहीत नव्हतं असं म्हणवत नाही. तीन दिवसांनी घटनात्मक परिषदेने अधिकृत निकाल जाहीर केला आणि लुर्दियोस-इशेरच्या एकमेव केंद्रातली सगळी मतं रद्द ठरवली. देशाच्या बेरजेत त्या मतांनी काही फरक पडला नाही, म्हणून फेरमतदानही झालं नाही. त्या सकाळी डोंगरातल्या घरांतून उतरून ज्यांनी आपापलं निळं पाकीट त्या पेटीत टाकलं होतं, त्यांची मतं मोजलीच गेली नाहीत.